मेंदूवरचं व्याख्यान आणि ‘कशावरून?’

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी तिसरं पुष्प गुंफायला गेले होते. विषय नेहमीचाच, ‘आपला मेंदू’. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. त्याच्या जोडीने गेली तेवीस वर्षं मी अशी संध्याकाळची व्याख्यानं देत आले आहे. साडेसहाची वेळ, सातला सुरुवात, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग तासभर भाषण आणि आभार. श्रोत्यांत निवृत्त शिक्षक, दवाखाना बंद करून आलेले एखादे डॉक्टर, बँकेतली मंडळी, भाजीची पिशवी पायाशी ठेवून बसलेल्या बायका. शेवटच्या रांगेत शाळेने पाठवलेली मुलं.

त्या दिवशी आभार झाल्यावर एक बाई मुलाला घेऊन व्यासपीठापाशी आल्या. मुलगा नववीतला असावा.

“मॅडम, सहा वर्षांपूर्वी तुम्ही इथेच बोलला होतात. डावा मेंदू, उजवा मेंदू. मी पहिल्या रांगेत होते.”

मला बरं वाटलं. सहा वर्षं एखादी गोष्ट कोणाच्या लक्षात राहते, याहून वक्त्याला काय हवं?

“ते ऐकलं होतं, म्हणून मग क्लासवाले आले तेव्हा त्यांचं खरं वाटलं,” त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत कागदाचा रंगीत अहवाल काढला. एका क्लासने मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन तो तयार केला होता. त्यात मेंदूचं चित्र होतं, अर्धं लाल आणि अर्धं निळं. डाव्या बाजूला ४१ टक्के, उजव्या बाजूला ५९ टक्के. खाली शिफारस होती : कला, संगीत, जाहिरात हे मार्ग योग्य, गणित आणि विज्ञान टाळावं. ही चाचणी झाली तेव्हा मुलगा पाचवीत होता.

मी मुलाला विचारलं, “गणित कसं चाललंय?”

तो अगदी सहज म्हणाला, “नाही जमत. माझा डावा मेंदू वीक आहे ना.”

त्याच्या बोलण्यात खंत नव्हती. माझा चष्म्याचा नंबर अमुक आहे असं सांगावं, तसं त्याने सांगितलं. चार वर्षं तो ही गोष्ट स्वतःविषयीचं सत्य म्हणून बाळगत होता. त्या सत्यावर माझ्या व्याख्यानाचा शिक्का होता.

परतीच्या एसटीत मी ते जुनं व्याख्यान आठवून पाहिलं. मी खोटं काही सांगितलं नव्हतं. पण एक खरी गोष्ट मी अर्धीच सांगितली होती, कारण तेवढी अर्धी ऐकायला छान लागते. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्याविषयी आहे. संध्याकाळच्या त्या एका तासात वक्त्याने मेंदूविषयी काय द्यायचं असतं आणि श्रोत्याने काय मागून घ्यायचं असतं, याविषयीही आहे.

पाहून खात्री करण्याची चाल

लोकांसमोर संध्याकाळी ज्ञानाचं बोलण्याची आपली चाल जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत न्यावं म्हणून मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. त्याही आधी, १८२६ साली, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने शुक्रवारच्या संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली, ती आजही चालू आहेत. फॅरेडे नुसतं सांगत नसे, टेबलावर प्रयोग करून दाखवत असे. तार हलली की चुंबकाची सुई हलते, हे श्रोता आपल्या डोळ्यांनी पाहत असे.

मेंदूच्या बाबतीत असं पाहून खात्री करण्याचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण एकवीस वर्षं होता. त्याला बोललेलं समजे, पण त्याच्या तोंडून ‘तां’ एवढाच उच्चार बाहेर पडे. १७ एप्रिल १८६१ रोजी तो वारला. दुसऱ्याच दिवशी पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू मानवशास्त्राच्या सभेत आणून सदस्यांपुढे ठेवला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, ऊतक नष्ट झालेलं दिसत होतं. उच्चारित भाषेची जागा इथे असावी, असं ब्रोकाने मांडलं. आज त्या भागाला त्याचंच नाव आहे.

या प्रसंगाचा उत्तरार्ध मी पूर्वी कधी सांगत नसे. ब्रोकाने तो मेंदू कापला नाही, जसाच्या तसा जतन करून ठेवला. त्यामुळे २००७ साली नीना ड्रॉन्कर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याचं एमआरआय करता आलं. तेव्हा दिसलं की इजा ब्रोकाला वरून दिसली होती त्यापेक्षा बरीच खोल होती आणि आतले जोडणारे चेतातंतूही तुटलेले होते. म्हणजे लबोर्न्यची वाचा गेली ती फक्त त्या एका कोपऱ्यामुळे, असं म्हणता येत नाही. ब्रोका चुकला असं नव्हे. त्याने निष्कर्ष मांडला आणि पुरावाही जपून ठेवला, म्हणून दीडशे वर्षांनी त्यात दुरुस्ती करता आली. आपण सभेतून घरी नेतो तो निष्कर्ष. पुरावा बहुधा व्यासपीठावरच राहतो.

दोन गोलार्धांची पूर्ण गोष्ट

आता डाव्या-उजव्याकडे येऊ. मेंदूचे दोन गोलार्ध असतात आणि चेतातंतूंचा एक जाड पट्टा त्यांना जोडतो. त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. काही रुग्णांच्या फिट्स औषधाने थांबत नाहीत आणि एका बाजूचा झटका या पट्ट्यातून दुसऱ्या बाजूला पसरतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत अशा काही रुग्णांचा हा पट्टा शस्त्रक्रियेने कापण्यात आला. रुग्णांच्या फिट्स कमी झाल्या आणि वरवर पाहता वागण्याबोलण्यात फरक दिसेना.

रॉजर स्पेरी आणि मायकेल गझॅनिगा यांनी या रुग्णांची बारकाईने तपासणी केली. नजरेच्या डाव्या भागात क्षणभर दाखवलेली वस्तू फक्त उजव्या गोलार्धाला कळते. चमच्याचं चित्र असं दाखवलं, तर रुग्ण म्हणे, “मला काही दिसलं नाही.” कारण बोलणारा गोलार्ध डावा आणि त्याला खरंच काही दिसलेलं नसे. पण पडद्यामागे हात घालून वस्तू निवडायला सांगितली की डावा हात बरोबर चमचा उचले. या कामासाठी स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

माझं जुनं व्याख्यान इथे टाळ्या घ्यायचं. मग मी एक वाक्य जोडत असे : “म्हणजे डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कलेचा.” गडबड या वाक्यात होती.

स्पेरींचे निष्कर्ष होते पट्टा कापलेल्या, मोजक्या रुग्णांबद्दल. तुमच्या-माझ्या डोक्यात तो पट्टा शाबूत आहे आणि वीस कोटींच्या आसपास तंतूंवरून दोन्ही गोलार्ध अखंड देवाणघेवाण करत असतात. काही कामांत एका बाजूचा वाटा जास्त असतो, हे खरं. उजवा हात वापरणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के आणि डावखुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांत भाषेचं मुख्य काम डाव्या बाजूला चालतं. पण एखादं काम एका बाजूला जास्त चालणं वेगळं आणि एखादा माणूस ‘उजव्या मेंदूचा’ असणं वेगळं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हजाराहून अधिक लोकांच्या मेंदूंची स्कॅन तपासली. काहींची सगळी डावी जाळी बळकट आणि काहींची सगळी उजवी, असे माणसांचे दोन प्रकार त्यांना सापडले नाहीत.

आणि गणित? ‘किती’ हे कळण्याशी संबंधित भाग दोन्ही गोलार्धांत आहेत, कानाच्या वर थोडे मागे. त्याखेरीज पाढे आठवायला भाषा लागते, भूमितीला अवकाशाचं भान लागतं, लांबलचक उदाहरणाला चिकाटी लागते. ‘डावा कमी म्हणून गणित नाही’ या वाक्याला कुठूनही आधार मिळत नाही.

बोटांच्या ठशांचं तर आणखीच अवघड आहे. ठसे गर्भावस्थेच्या साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत तयार होतात आणि मग जन्मभर तेच राहतात. पोलिसांना त्यांचा उपयोग होतो तो याच कारणाने. मेंदू मात्र जन्मानंतर कित्येक वर्षं घडत राहतो. जे कधीच बदलत नाही त्यावरून जे सतत बदलतं त्याची टक्केवारी कशी सांगणार? भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने, या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं आहे. पण अहवाल गुळगुळीत कागदावर असतो, त्यात मेंदूचं चित्र असतं आणि आई-बापाने कुठेतरी ‘डावा-उजवा’ ऐकलेलं असतं. तेवढं पुरतं.

रंगीत चित्रं नेमकं काय दाखवतात?

त्या बाईंनी मला आणखी एक गोष्ट विचारली होती : “पण टीव्हीवर दाखवतात ना, मेंदूचा अमुक भाग लाल झाला म्हणून? ते तर खरं असतं?”

ते खरं असतं, पण ते काय असतं हे समजून घ्यायला हवं. ही चित्रं फंक्शनल एमआरआयची असतात. १९९० मध्ये सेइजी ओगावा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून अशी प्रतिमा काढता येते. चेतापेशी काम करू लागल्या की त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगळं वागतं आणि यंत्र तो फरक टिपतं. म्हणजे यंत्राला विचार दिसत नाही, चेतापेशीही दिसत नाही. दिसतो तो रक्ताचा पुरवठा. चेतापेशीचा संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागात होऊन जातो आणि रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचायला पाचेक सेकंद लागतात. चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचा ठोकळा आणि त्यात काही लाख चेतापेशी. गावात काय घडलं हे महावितरणच्या वीजवापराच्या आकड्यावरून ओळखण्यासारखं हे आहे. संध्याकाळी वापर वाढला एवढं कळतं. कोणाच्या घरी लग्न होतं आणि कोणाच्या घरी अभ्यास, ते कळत नाही.

शिवाय लाल रंग मेंदूत नसतो, तो संगणकाने भरलेला असतो. ‘या वेळी इथला संकेत त्या वेळेपेक्षा जास्त होता आणि तो फरक योगायोगाचा वाटत नाही’, एवढाच त्याचा अर्थ. लाल नसलेला भाग झोपलेला नसतो. आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, ही समजूत प्रत्येक व्याख्यानात चिठ्ठीवर येते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो. नव्वद टक्के भाग रिकामा ठेवून एवढा खर्च शरीराने कशाला केला असता?

‘योगायोगाचा वाटत नाही’ हे ठरवण्यातही गफलत होऊ शकते. अमेरिकेतल्या क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक गमतीदार प्रयोग मांडला. त्यांनी बाजारातून आणलेला मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि ‘या माणसाला काय वाटत असेल’ असा प्रश्न केला. नेहमीच्या ढिल्या पद्धतीने हिशेब केला तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूतही काही ठिपके ‘सक्रिय’ निघाले. हजारो ठिपक्यांची एकेक करून तुलना केली की काही निव्वळ योगायोगाने उजळणारच. त्यासाठीची गणिती दुरुस्ती केली तेव्हा ते ठिपके नाहीसे झाले. या प्रयोगाला २०१२ मध्ये इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं, पण त्याने दिलेला धडा विनोदी नव्हता. हल्लीचे संशोधक ही दुरुस्ती करतात. आपण मात्र चित्र पाहिलं की अजूनही मान डोलावतो.

मेंदू बदलतो, पण कशाने?

मग त्या मुलाला मी काय सांगायचं? मेंदू बदलतो हे सांगायचं, पण तेही आधारासह.

लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायचा तर शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. या तयारीला तीन-चार वर्षं सहज जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मरणाशी आणि जागांच्या नकाशाशी संबंधित भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. लगेच शंका येते : मुळात ज्यांचा मोठा असतो तेच टॅक्सीचालक होत असतील तर? ही शंका संशोधकांनाही आली. म्हणून त्यांनी ७९ उमेदवारांची तयारीच्या सुरुवातीला तपासणी केली आणि काही वर्षांनी पुन्हा केली. २०११ मध्ये निष्कर्ष आला. सुरुवातीला सगळे सारखेच होते. जे तयारी करून पास झाले त्यांच्यात तो भाग वाढला, बाकीच्यांत नाही. म्हणजे वाढ सरावाने झाली, असं म्हणायला आता जागा आहे.

पण इथेही गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. २००० सालच्या त्याच अभ्यासात चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा हिस्सा इतरांपेक्षा लहान आढळला होता. शिवाय वर्षानुवर्षांच्या मेहनतीने एका विशिष्ट कौशल्याशी जोडलेला छोटा भाग बदलला, यावरून ‘आठ आठवड्यांत बुद्धी दुप्पट’ असं म्हणता येत नाही. १९९३ साली ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात मोझार्टचं संगीत ऐकल्यावर एका प्रकारच्या चाचणीत थोडी सुधारणा दिसली. ती दहा-पंधरा मिनिटं टिकली. पाच वर्षांत त्याची मजल अशी गेली की अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायला सरकारी पैसा मागितला. प्रयोगात एकही बाळ नव्हतं.

प्रश्नोत्तरांचा अर्धा तास

त्या संध्याकाळनंतर मी व्याख्यानाचा आराखडा बदलला. पाऊण तास बोलते आणि अर्धा तास प्रश्नांना ठेवते. आयोजक कुरकुरतात, कारण आभाराचं भाषण लांबतं. पण खरे प्रश्न तिथेच येतात आणि ते डाव्या-उजव्याचे क्वचितच असतात.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न फिट्सचा. आकडी आली की कांदा हुंगवायचा की चप्पल? लोक शपथेवर सांगतात की गुण येतो. मी विचारते, “कांदा आणायला किती वेळ लागला?” स्वयंपाकघरात जाऊन, फोडून आणेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं जातात. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा पोचला आणि झटका थांबला, एवढंच खरं. कांद्याने थांबला हे आपण जोडलेलं. करायचं ते सोपं आहे. रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, जवळच्या टोकदार वस्तू हलवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी पुन्हा सुरू झालं, तर रुग्णालय गाठा.

या प्रश्नाच्या मागे बहुतेक वेळा दुसरा एक प्रश्न उभा असतो. तो माईकवर येत नाही, पायऱ्या उतरताना हळू आवाजात येतो : मुलीचं लग्न. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन फेफऱ्याचा उल्लेख त्यातून काढला गेला. योग्य औषध नियमित घेतलं तर सुमारे सत्तर टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. हे मी आता पायऱ्यांवर सांगत नाही, माईकवरच सांगते. विचारायला न धजावलेल्यांनाही ते ऐकू जावं म्हणून.

दुसरा प्रश्न पक्षाघाताचा. एका गावी पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा उठले आणि म्हणाले, “बाई, आमच्या मंडळींचा हात संध्याकाळी जड झाला, बोलणं बोबडं झालं. म्हटलं झोपू दे, सकाळी बघू. सकाळी सगळी उजवी बाजू गेली होती. रात्रीच नेलं असतं तर?”

सभागृह एकदम शांत झालं. मी त्यांना काय सांगणार? ‘नक्की वाचली असती बाजू’ असं म्हणणं खोटं झालं असतं आणि ‘काही फरक पडला नसता’ हेही. मी म्हटलं, “आजोबा, फरक पडण्याची शक्यता होती. खात्री कोणी दिली नसती. तुम्हाला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, हा दोष तुमचा नाही.” मग बाकीच्यांसाठी आधारासह सांगितलं. बहुतेक पक्षाघात रक्ताच्या गाठीने होतात. मोठ्या रक्तवाहिनीत गाठ अडकली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक अंदाज आहे. गाठ विरघळवणारं औषध तीन तासांत दिलं तर उपयोग होतो, हे १९९५ साली रुग्णांवरच्या चाचणीतून दिसलं. ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवता येते, हे २००८ मध्ये दिसलं. निवडक रुग्णांत गाठ नळीने ओढून काढण्याचा उपाय त्यानंतरही करता येतो. पण काही पक्षाघात रक्तस्रावाने होतात आणि त्यांत तेच औषध घातक ठरतं. दोन्हींची लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून आधी सीटी स्कॅन आणि म्हणूनच घरच्या घरी रक्त पातळ करायची गोळीही द्यायची नाही. तोंड वाकडं झालं, हात खाली पडू लागला, बोलणं अडखळलं, यांतलं एकही अचानक दिसलं तर घड्याळात वेळ बघायची आणि जिथे सीटी स्कॅन आहे अशाच रुग्णालयात थेट जायचं. ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही.

आजोबा खाली बसले. त्यांच्या शेजारच्या माणसाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या संध्याकाळी मी स्पेरींविषयी बोललेच नाही आणि कोणाला त्याची उणीव भासली असेल असं मला वाटत नाही.

चार मेंदूंचा हिशेब

यंदाच्या जानेवारीत सांगली जिल्ह्यातल्या त्याच वाचनालयाने मला पुन्हा बोलावलं. मी मुद्दाम विषय दिला, ‘मेंदूविषयी आपल्याला काय माहीत आहे आणि कशावरून?’. सुरुवातीलाच सांगून टाकलं की सात वर्षांपूर्वी याच व्यासपीठावरून मी एक गोष्ट अर्धी सांगितली होती, आज ती पूर्ण करते. व्यासपीठावर असं बोलायची सवय नसते. घसा कोरडा पडला. पण श्रोत्यांनी त्याचं काही वाईट वाटून घेतलं नाही. उलट एक निवृत्त मुख्याध्यापक नंतर म्हणाले, “आम्हीसुद्धा वर्गात पुष्कळ अर्धं सांगितलंय.”

तो मुलगा आला होता, आता दहावीत. गणिताची शिकवणी लावली आहे, असं त्याच्या आईने सांगितलं. गुण फार वाढलेले नाहीत. मी त्याला गेल्या वर्षी एवढंच म्हटलं होतं की तुझा डावा मेंदू कोणी मोजलेला नाही. तुला गणित का जमत नाही याची दहा कारणं असू शकतात आणि त्यांतली बरीचशी दुरुस्त होण्यासारखी आहेत. तेवढ्याने जादू होईल असं मला वाटलं नव्हतं.

प्रश्नोत्तरांत त्याने हात वर केला. “मॅडम, तुम्ही म्हणालात मेंदूत ८६ अब्ज चेतापेशी असतात. कशावरून? कोणी मोजल्या?”

मला मनापासून आनंद झाला. मी म्हटलं, “मोजल्या आहेत, आणि मजेशीर रीतीने.” पूर्वी पुस्तकांत १०० अब्ज असा गोल आकडा असायचा आणि तो नेमका कोणी काढला हे कोणाला सांगता येत नसे. मेंदूच्या एका भागात पेशी दाट, दुसऱ्यात विरळ, त्यामुळे एका तुकड्यातल्या पेशी मोजून सगळ्याचा गुणाकार करता येत नाही. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं ऊतक द्रावणात विरघळवून त्याचं चक्क सूप केलं. पेशींची आवरणं विरघळतात आणि केंद्रकं उरतात. सूप ढवळून एकजीव केलं की त्याच्या थेंबभर भागातली केंद्रकं मोजून पूर्ण हिशेब मांडता येतो. त्यांतली चेतापेशींची केंद्रकं रंगाने वेगळी ओळखता येतात. २००९ साली हा आकडा प्रसिद्ध झाला, सुमारे ८६ अब्ज.

“किती मेंदूंचं सूप केलं?” त्याने विचारलं.

“चार.”

“फक्त चार?”

“फक्त चार. आणि चारही पुरुषांचे, पन्नाशीच्या पुढचे.”

सभागृहात हशा पिकला. तो मात्र हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, “मग ‘सुमारे’ असं म्हणायला पाहिजे.”

“मी म्हणाले होते का?”

“नाही म्हणालात.”

तेव्हापासून मी म्हणते.